कांगडा खोऱ्यातील लोहमार्ग

डोंगरी लोहमार्ग म्हटले की दार्जिलिंग, उटी आणि सिमला ही नावे प्रथम ओठांवर येतात. ही तिन्ही ठिकाणे थंड हवेची. मैदानातील उन्हाळ्याने त्रासलेल्या राज्यकर्त्यांना तेथवर सुखाने जाता यावे, हा तेथील रूळ टाकण्यामागचा एक मोठा हेतू होता. माथेरानची १९०७ सालची गाडीही याच कुळातली. पंजाबातील पठाणकोटपासून हिमाचल प्रदेशातील जोगिंदरनगरपर्यंत जाणाऱ्या १६४ कि.मी. लांबीच्या कांगडा मार्गाची जन्मकथा मात्र अगदी निराळी आहे. त्याच्या शेवटच्या स्थानकावर राजधानी नव्हती, हवा खाण्याचे ठिकाण नव्हते, छावणीही नव्हती. तेथे एक वीजघर उभारावयाचे होते, आणि त्याची अवजड यंत्रे डोंगरात पोहोचविण्यासाठी हा मार्ग बांधला गेला. सृष्टिसौंदर्याचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. तरीही खिडकीशी बसून खेड्यापाड्यांचा प्रदेश डोळे भरून पाहावयाचा असेल, तर याच्या तोडीचा मार्ग देशात क्वचितच सापडेल. असे का झाले, हे समजून घ्यायला या मार्गाच्या बांधणीकडे वळले पाहिजे.

बांधकामाचा प्रारंभ २ मे १९२६ रोजी झाला. १९२८ च्या डिसेंबरात मालगाड्या आणि १ एप्रिल १९२९ पासून उतारूंच्या गाड्या धावू लागल्या. रुळांमधील अंतर अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मि.मी. ठेवण्यात आले. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये सुरू झालेली आणि पुढे पंढरपूरच्या वारकऱ्यांची वाहतूक करणारी बार्शी लाइट रेल्वे याच मापाची होती. कालका-सिमला मार्गही याच मापाचा. पण माप एक असले तरी डोंगराशी वागण्याची रीत एक नव्हती. कालका ते सिमला हे अंतर सुमारे ९६ कि.मी.; तेवढ्यात शंभराहून अधिक बोगदे खोदावे लागले. कांगड्याच्या १६४ कि.मी.त बोगदे अवघे दोन, एक २५० फुटांचा आणि दुसरा १,००० फुटांचा. येथे स्थापत्यकारांनी डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालणे पसंत केले. टेकडी आडवी आली की रूळ तिच्या कडेने वळतात, घळ आली की तिच्या मुखापर्यंत आत शिरून पलीकडच्या उतारावरून बाहेर पडतात. साडेचारशेहून अधिक वळणे या धोरणामुळे निर्माण झाली.

याचा एक परिणाम असा झाला, की प्रवाशाची दृष्टी फारशी कोठे अडत नाही. बोगद्यातील अंधार नाही, खोल खोदाईच्या दोन्ही बाजूंच्या कोरड्या भिंती नाहीत. आणि प्रत्येक वळणावर तोच डोंगर निराळ्या अंगाने सामोरा येतो. आज आपण ज्याला रमणीय प्रवास म्हणतो तो अशा रीतीने काटकसरीच्या आणि भूमीशी जमवून घेण्याच्या एका निर्णयातून लाभलेला आहे.

वळणांनी बोगदे टळले, पूल मात्र टळले नाहीत. त्याचे कारण खोऱ्याच्या रचनेत आहे. उत्तरेला धौलाधारची रांग भिंतीसारखी उभी आहे. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून तीन-चार हजार फुटांवर, तर शिखरे चौदा-पंधरा हजार फुटांवर. आणि मधल्या पायऱ्या जवळजवळ नाहीतच. दक्षिणेला बियास नदी पश्चिमेकडे वाहते. धौलाधारवरून निघणारे यच्चयावत ओढे आणि नद्या, ज्यांना तेथे ‘खड्ड’ म्हणतात, उत्तरेकडून दक्षिणेकडे धावत बियासला मिळतात. लोहमार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. म्हणजे दऱ्याखोऱ्यांतील एकूण एक प्रवाह त्याला आडवा ओलांडावा लागतो. लहान-मोठे मिळून साडेनऊशेहून अधिक पूल या मार्गावर आहेत. धरमशाळेच्या परिसरातील पाऊस कोकणाची आठवण करून देणारा. तो पडला की एरवी घोट्याइतके पाणी असलेली खड्ड हत्तीएवढे धोंडे गडगडत नेते. बांधणाऱ्याला अडचण ठरलेली हीच गोष्ट, पांढऱ्याशुभ्र गोट्यांनी भरलेली रुंद पात्रे आणि त्यांवरील उंच पूल, पाहणाऱ्याला मोह घालते.

पठाणकोटला मैदानातील रुंदमापी गाडीतून उतरून या छोट्या गाडीत बसावयाचे. तेथपर्यंत अमृतसरकडून रूळ १८८४ मध्येच आले होते. गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात चक्की नदी लागते. पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांच्यामधील ही सीमा. या नदीवरील जुना पूल ऑगस्ट २०२२ मधील पुरात कोसळला. पात्रातील वाळू-गोट्यांचा वारेमाप उपसा हे त्याचे एक कारण मानले गेले. पात्र खोल गेले की पुलाच्या पायांचा आधार सुटतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पठाणकोटचे टोक तुटल्यामुळे नूरपूर रोडपासून पुढच्या भागातच काय ती गाडी चालविणे शक्य होते, आणि तीही पावसाळ्यात दरडी कोसळल्या की थांबवावी लागे. मैदानातील मोठ्या लोहमार्गाशी असलेला दुवा निखळल्यावर मधला तुकडा कसा अनाथ होतो, याचा अनुभव त्या वर्षी खोऱ्याने घेतला. हा अनुभव पहिला नव्हता. आधीचे दोन प्रसंग पुढे त्या त्या ठिकाणी येतील.

नूरपूरपासून जवांवाला शहरापर्यंतचा प्रदेश शिवालिकच्या बुटक्या टेकड्यांचा आहे. चीडची झाडे, मक्याची शेते, मधूनच आंब्याची राई. येथे पाहण्यासारखे विशेष काही नाही, असे म्हणून प्रवासवर्णनकार हा भाग बहुधा झोपेत काढतात. मात्र जवांवाला शहर सोडल्यावर डावी-उजवी नीट पाहावी. या ठिकाणापासून गुलेरपर्यंतचे आजचे रूळ मूळचे नव्हेत. बियासवरील पोंग धरण १९७४ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी जेथवर पसरणार होते तेथे जुन्या मार्गाचा २५ कि.मी. लांबीचा भाग होता. १९७३ मध्ये तो बंद करून उखडण्यात आला. अनूर, जगतपूर आणि मंगवाल ही तीन स्थानके कायमची मिटली. वरच्या अंगाने जवळजवळ तितक्याच लांबीचा नवा मार्ग बांधून डिसेंबर १९७६ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. दरम्यानची तीन वर्षे वरचे खोरे आणि पठाणकोट यांच्यातला लोहमार्ग खंडित होता.

रूळ तरी वर सरकवता आले. गावांचे तसे झाले नाही. पाण्याखाली गेलेला हलदूनचा सखल टापू या भागातला सर्वांत सुपीक मानला जाई. वीस हजारांहून अधिक कुटुंबांना तेथून उठावे लागले. त्यांपैकी पात्र ठरलेल्यांना दूर राजस्थानच्या कालव्याखाली जमिनी देण्याचे ठरले होते. ज्या शेतकऱ्याने वर्षाकाठी दोन पिके भातखाचरांतून काढली, त्याच्या हाती वाळवंटाचा तुकडा पडला. कित्येकांच्या हाती तोही पडला नाही, आणि हे वाद पुढे अनेक दशके चालू राहिले. आज त्या जलाशयाला महाराणा प्रताप सागर असे नाव आहे. २००२ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत गणना झाली. हिवाळ्यात हिमालय ओलांडून हजारो राजहंस तेथे उतरतात. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी ओसरले की ‘बाथू की लडी’ या नावाने ओळखली जाणारी प्राचीन देवळांची ओळ चिखलातून वर येते. गाडीच्या खिडकीतून पाण्याचा निळा विस्तार दिसतो तेव्हा प्रवासी साहजिकच हरखून जातात. डब्यातील एखाद्या वृद्ध स्थानिकाला मात्र त्या निळाईखाली काय आहे हे ठाऊक असते.

गुलेर हे आता एक लहानसे, शांत स्थानक आहे. या संस्थानाच्या स्थापनेची एक दंतकथा सांगतात. पंधराव्या शतकाच्या आरंभी कांगड्याचा राजा हरीचंद शिकारीत एकटा पडला आणि एका आडात कोसळला. तो मेला असे समजून धाकट्या भावाला गादी देण्यात आली. काही दिवसांनी राजा जिवंत बाहेर निघाला. पण भावाशी भांडण्याऐवजी त्याने बाजूला जाऊन नवे राज्य वसविले. कथा खरी असो वा नसो, याच चिमुकल्या राज्यात अठराव्या शतकात पंडित सेऊ आणि त्याचे मुलगे मनकू व नैनसुख या चित्रकारांच्या घराण्याने पहाडी चित्रकलेला नवे वळण दिले. त्या चित्रांतील गोलसर हिरव्या टेकड्या, त्यांच्या कुशीतला ओढा, एकटेच उभे असलेले डेरेदार झाड ही केवळ कल्पनेची निर्मिती असावी असे संग्रहालयात पाहताना वाटते. गुलेरच्या पुढे गाडी जाऊ लागली की तो समज टिकत नाही.

ज्वालामुखी रोड मागे पडल्यावर भूमीचे रूप पालटते. बाणगंगा नदीने येथे खोल घळ कोरली आहे आणि लोहमार्ग तिच्या कडेकडेने चढतो. या भागातच रिऔंद नाल्यावरील पोलादी कमानीचा पूल लागतो. तळापासून खांब उभारणे शक्य नव्हते म्हणून दोन्ही कड्यांवर पाय रोवून कमान टाकण्यात आली; पाहता पाहता दरी पायाखालून निघून जाते. दोनांपैकी एकही बोगदा कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही, पण हा पूल राहतो. पुढे उंच कड्यावर कांगड्याचा किल्ला दिसू लागतो. जहांगीराच्या सैन्याने १६२० मध्ये तो दीर्घ वेढ्यानंतर घेतला, १८०९ मध्ये तो रणजितसिंहांकडे आला. परंतु त्याचा खरा विध्वंस कोणत्याही सैन्याने केला नाही. ४ एप्रिल १९०५ रोजी सकाळी झालेल्या भूकंपात किल्ला, वज्रेश्वरीचे देऊळ आणि कांगडा गाव ही सारी काही क्षणांत ढासळली. सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. तो लोहमार्गाच्या अगोदरचा काळ. पठाणकोटच्या पुढे मदत पोहोचवायची ती रस्त्याने, खड्डी ओलांडत.

कांगड्याच्या पुढे समलोटी, नगरोटा, परौर अशी स्थानके येतात. जलाशयाजवळचे नगरोटा सूरियां निराळे आणि हे नगरोटा निराळे, एवढे ध्यानात ठेवावे. आता धौलाधार पूर्ण उंचीनिशी समोर आलेली असते आणि तिच्या पायथ्याशी भातखाचरांच्या पायऱ्या, पाटीच्या दगडाची छपरे असलेली घरे, बांबूची बेटे. या भातशेतीचा प्राण म्हणजे ‘कुहल’. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या खड्डीला वरच्या अंगाला दगडगोट्यांचा बांध घालावयाचा आणि तेथून अगदी मंद उताराने, टेकडीच्या कडेकडेने पाट काढून पाणी मैलोगणती दूर शेतापर्यंत न्यावयाचे, ही येथील शतकानुशतकांची पद्धत. पाण्याच्या पाळ्या ठरविणारा आणि दुरुस्तीसाठी गाव गोळा करणारा जो माणूस, त्याला ‘कोहली’ म्हणतात. खानदेशातील फड पद्धत आणि तिच्यातील पाटकरी ज्यांना परिचित आहे त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. १९०५ च्या भूकंपात असंख्य कुहली फुटल्या. गावांनी त्या पुन्हा बांधून घेतल्या.

कित्येक ठिकाणी कुहल रुळांखालून जाते, तर कोठे बऱ्याच अंतरापर्यंत रुळांच्या सोबतीने वाहते. तिच्याकडे पाहिले की लोहमार्गाची वळणे अधिक समजतात. पाण्याला चढता येत नाही आणि छोट्या एंजिनाला फारसे चढवत नाही. दोघांनाही समान उंची धरून, टेकडीची समजूत काढत जावे लागते. १९२६ चे स्थापत्यकार हे गावकऱ्यांकडून शिकले असे म्हणण्यास आधार नाही. पण एकाच उतारावर दोघांना एकच उत्तर सापडले, हे उघड दिसते.

नगरोट्याशी या मार्गाच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण प्रसंग निगडित आहे. वीजघर १९३३ मध्ये सुरू झाले. यंत्रे पोहोचली, काम संपले. नंतर दुसरे महायुद्ध आले आणि लोखंडाची चणचण भासू लागली. तेव्हा नगरोटा ते जोगिंदरनगर हा सुमारे ६२ कि.मी.चा भाग बंद करून त्याचे रूळ उचलण्यात आले आणि युद्धकार्यासाठी पाठविण्यात आले. ज्यांनी मार्ग बांधला त्यांच्या हिशेबी तो किती गरजेचा उरला होता, हे यावरून कळते. पालमपूरचा चहा, बैजनाथची यात्रा, शाळा-कचेरीला जाणारी माणसे, या कशाचीही गणना त्या हिशेबात नव्हती. मोकळा भराव आणि ओके पूल बारा वर्षे तसेच पडून राहिले. स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या एप्रिलमध्ये, रूळ पुन्हा अंथरले गेले. या खेपेस वाहून न्यावयाचे वीजयंत्र नव्हते; जी काही वाहतूक होती ती खोऱ्यातील माणसांची. या अर्थाने कांगड्याच्या गाडीचे एक नव्हे तर दोन जन्म मानावे लागतील, आणि त्यांतला दुसरा अधिक मोलाचा आहे.

या गाडीला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती नजरेला तशी दिसते हे खरे. चिमुकले डबे, चिमुकले एंजिन, १६४ कि.मी.ला नऊ-दहा तास. परंतु डब्यात डोकावले तर खेळ फारसा आढळत नाही. बसच्या तुलनेत भाडे अतिशय कमी. रस्ता दूर असलेल्या वाड्यांना स्थानक जवळ. शिदोरी आणि गाठोडी सांभाळत माहेरी निघालेली बाई, पुस्तके उघडून बसलेले विद्यार्थी, ज्वालामुखी किंवा चामुंडेच्या दर्शनाला निघालेले कुटुंब: यांच्यासाठी ती रोजची गाडी आहे. दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये आणि कालका-सिमला २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. कांगड्याला तो मान मिळालेला नाही. मिळाला तर आनंदच आहे. पण पर्यटकांसाठी मोठ्या काचांचे डबे जोडले गेले आणि सकाळची साधी गाडी बंद झाली, तर ती देवघेव तोट्याचीच ठरेल.

पालमपूरच्या आसपास रुळांच्या दोन्ही अंगांना चहाचे मळे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येथे चहाची लागवड सुरू झाली आणि एके काळी तिचा मोठा बोलबाला होता; भूकंपानंतर युरोपीय मळेवाले बहुतांशी निघून गेले आणि मळे लहान लहान स्थानिक मालकांकडे आले. हिवाळा सुरू होताना आणि पुन्हा वसंतात गद्दी धनगरांचे कळप रुळांलगतच्या वाटांवर भेटतात. उन्हाळ्यात धौलाधारच्या खिंडी ओलांडून चंबा आणि लाहूलच्या कुरणांवर, थंडीत खालच्या टेकड्यांत, असे त्यांचे वर्षचक्र असते.

१४२ व्या कि.मी.वर बैजनाथ पपरोला. येथील शिवमंदिर १२०४ मधील असून, आहुक आणि मन्युक या दोन व्यापारी बंधूंनी ते बांधविल्याचे शिलालेख सांगतो. देवळापेक्षा एंजिनचालकाला येथे वेगळी चिंता असते. इथून पुढे चढ एकाएकी तीव्र होतो, काही जागी पंचवीस फुटांमागे एक फूट. गाडीचे ओझे हलके करावे लागते. बाष्पएंजिनांच्या काळात या टप्प्यावर भट्टीत कोळसा ओतणाऱ्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येते. अहजू हे मार्गावरील सर्वांत उंच स्थानक, सुमारे १,२९० मीटरवर. तेथून थोडे उतरत, चौंतऱ्यावरून गाडी जोगिंदरनगरला येते आणि रूळ संपतात.

हे गाव पूर्वी सुकराहट्टी या नावाने ओळखले जाई आणि मंडी संस्थानात मोडत असे. पंजाब सरकारचे अभियंते कर्नल बॅटी यांना असे दिसून आले, की डोंगराच्या एका अंगाला वाहणाऱ्या उहल नदीचे पाणी बरोटजवळ अडवून बोगद्याने दुसऱ्या अंगाला आणले, तर ते सुमारे पाचशे मीटर खाली कोसळवता येईल. मंडीचे राजे जोगिंदरसेन यांच्याशी १९२५ मध्ये ९९ वर्षांचा करार झाला. गावाला राजाचे नाव मिळाले आणि शानन येथे ४८ मेगावॅटचे वीजघर उभे राहिले. त्याचे उद्घाटन १९३३ मध्ये लाहोर येथे व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्या हस्ते झाले, कारण वीज जावयाची होती ती प्रामुख्याने लाहोर, अमृतसरसारख्या मैदानी शहरांकडे. १९४७ मध्ये लाहोर परके झाले. १९६६ मध्ये कांगडा हिमाचलात आला. १९८२ मध्ये वीजघराची शक्ती ११० मेगावॅट झाली. आणि २०२४ मध्ये कराराची मुदत भरताच वीजघर कोणाचे, यावर पंजाब आणि हिमाचल सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले.

रेल्वे ज्या ठिकाणी थांबली तेथून सामान बरोटपर्यंत नेण्यासाठी आणखी एक मार्ग बांधला होता: डोंगराच्या उभ्या उतारावर टाकलेले रूळ आणि पोलादी दोराने ओढली जाणारी ट्रॉली. शाननच्या वीजघरामागून निघालेले ते रूळ झाडीत शिरून सरळ वर चढतात. त्यांच्या शेजारून, वरच्या बोगद्यातले पाणी घेऊन, ते मोठे पोलादी नळ खाली येतात. अशी सामग्री डोंगरात आणण्यासाठी १९२९ चा तो सारा खटाटोप झाला. जोगिंदरनगरच्या फलाटावरून आता दिवसाकाठी थोड्याच गाड्या सुटतात. गाडी उभी असेपर्यंत फलाटावर वर्दळ असते. ती सुटली की पुढची येईपर्यंत तेथे बहुधा कोणीही नसते.